रोरीची टोपी

बॉथवेल मागे पडलं होतं.
तंबूतले दोन दिवस संपले, डिकीत ओली दोरी, करपलेलं भांडं,
रोरी पेंगलेला, तोंड उघडं,
आणि सातला कॅम्पबेल टाउनच्या पेट्रोल पंपावर
दोघांना त्यांच्या आईच्या गाडीत बसवायचं होतं.
घड्याळाकडे मी बघत नव्हतो,
म्हणजे बघतच होतो.

वळणावर दिव्यांच्या झोतात ती दिसली.
वॉलबी. आडवी.
मी शिताफीनं बगल दिली.
मागून टॅम्सिन म्हणाली, "पिशवी बघितली नाहीस."

गाडी मागे घेतली.

गुडघे टेकले, हात घातला.
बाहेरून ती गार पडत चाललेली
आणि आत नुकत्याच सोडलेल्या अंथरुणाची ऊब.
बोटांना काहीतरी लागलं, बिनकेसांचं,
आणि त्यानं माझा अंगठा धरला.

ओढायचं नाही.
तोंड आचळाला घट्ट असतं, ओढलं तर जबडा जातो.
आचळच कापायचं, आईच्या बाजूनं,
राहू द्यायचं पिल्लाच्या तोंडात.
ठाऊक होतं मला. पण हात माझे गिअरबॉक्स खोलणारे,
नखांत ग्रीस मुरलेलं.
कात्री निघाली टॅम्सिनच्या कंपासपेटीत,
कागद कापायची, बोथट, गुलाबी मुठीची.
तीनदा चालवावी लागली.
बॅटरी धरलेला तिचा हात हलला नाही.
माझा हलत होता.

रोरी कधी उतरला कळलंच नाही.
नुसत्या मोज्यांवर, डांबरावर उभा.
न विचारता त्यानं डोक्यावरची टोपी काढून दिली,
आजीनं विणलेली, एक कान लांबलेली.

मग आईला शेपटीनं ओढत गवतात नेलं,
तिला खायला येणारे डेव्हिल तरी
रस्त्यावर मरू नयेत म्हणून.

शर्टाची दोन बटणं उघडली. टोपी छातीशी.
रेडिओ बंद.
"त्याचा बाबा कुठंय?" रोरी.
"वॉलबींचे बाबा सोबत राहत नाहीत," टॅम्सिन म्हणाली,
आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली,
बाहेर काहीच दिसत नसताना.

ओटलंड्सला मर्लबाईंच्या घरी
प्रत्येक दाराच्या मुठीला उशीचा अभ्रा टांगलेला,
आणि प्रत्येक अभ्रा श्वास घेत होता.
बाईंनी सरळ माझ्या शर्टात हात घातला, नर्ससारखा.
"नाव नाही ना ठेवलं?"
"नाही," मी म्हणालो. (रोरीनं ठेवलं होतं.)
"बरं केलंत. याला माणूस विसरता आला पाहिजे."
टोपीसकट घेऊन आत गेल्या.
छातीवर एक ओला डाग राहिला, रुपयाएवढाही नाही.

पंपावर पन्नास मिनिटं उशीर.
त्यांची आई काही बोलली नाही,
इंजिन मात्र चालूच ठेवलं होतं तिनं.
बॅगा दिल्या. टॅम्सिननं कात्री दाखवली,
परत पेटीत ठेवली, न पुसता.
"टोपी कुठंय याची?"
मी तोंड उघडलं.
"दिली," रोरी म्हणाला. "तिच्यात कुणीतरी झोपलंय."
आणि पट्टा लावून घेतला, त्याचा त्यानं,
क्लिक होईपर्यंत.

लाँसेस्टनपर्यंत थंडी वाजत राहिली.
बटणं लावायची राहून गेली होती,
आणि ते मला ठाऊक होतं.