उसनं बी

याला मांडव लागत नाही.
काठी नको, तार नको, सुतळीचा तुकडासुद्धा नको.
पावटा भिंतीवर चढून शेजारच्या न्हाणीत डोकावतो;
हा गुडघ्याएवढ्या उंचीत
आपलं आपण आवरून बसतो.
म्हणून तर मला पटला.

कोरेगावात, स्टेशनच्या रस्त्याला,
घरामागं बारा बाय नऊची जागा.
एस.टी.च्या वर्कशॉपातून सुटलो त्या वर्षी
आठ पाट्या खडी वेचून काढली,
आणि वाफसा आला तसा
दोन बोटं खोल, एकेक दाणा,
डोळा खाली करून.
डोळा वर केला तरी उगवतो. पण सवय.

वाघ्या घेवडा.
फिकट अंगावर तांबडे ओरखडे,
एकाचे दुसऱ्यासारखे नाहीत,
करकचून ब्रेक लागल्यावर
डांबरावर उमटतात तसे.
पुण्याची सून याला राजमा म्हणते.
म्हणू दे.

दरसाल सगळ्यांत ठणठणीत तीन झाडांना
चिंधी बांधायची आणि विसरून जायचं.
त्यांची कोवळी शेंग तोडायची नाही,
पाहुणा आला तरी नाही.
पाला झडावा, शेंग वाळावी,
हलवली की खुळखुळावी, मग उपटायचं.
चांगलं ते पुढच्या साली,
उरलंसुरलं ताटात.
अकरा वर्षं असंच चाललं.
ग्रीसचा रिकामा डबा, राख, वर लिंबाचा पाला.
डब्यावर चिठ्ठी नव्हती. चूक माझीच.

फेब्रुवारीत साताऱ्याला मोतीबिंदू काढला.
काळा चष्मा लावून घरी आलो तर
कुमुदनं उसळ केलेली,
सुकं खोबरं, काळा मसाला, हात राखून गूळ.
दोन वाट्या खाल्ल्या.
म्हटलं, गोड लागतोय गं, आणलास कुठून?
म्हणाली, तुमच्याच त्या तेलकट डब्यात होता,
म्हटलं किडा लागायच्या आत संपवावा.

मी तिसरी वाटी घेतली.
आता ठेवून काय करायचं होतं?

फाळकेबाईंशी तीन वर्षं बोलणं नव्हतं.
त्यांच्या मोरीचं पाणी माझ्या वाफ्यात येतं, हे माझं म्हणणं.
उतारच तुमच्याकडं आहे, हे त्यांचं.
त्याआधी कधीतरी
मीच त्यांना ओंजळभर बी दिलं होतं.
जूनमध्ये तीनदा फाटकापर्यंत गेलो,
दोनदा परत आलो.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
उसळीपाशी आल्यावर पदर तोंडाला लावला,
हसू लपवायला असेल.
मग आत जाऊन कॅलेंडरचं जुनं पान आणलं,
मागं पेन्सिलनं लिहिलेलं: मतकर, घेवडा, १२०.
जन्म अंगणवाडीत गेला,
पोरं मोजली, अंडी मोजली, खिचडीचे डाव मोजले.
मी ओंजळ समजून दिलं होतं,
त्यांनी मोजून घेतलं होतं.

ओट्यावर दहा-दहाचे बारा ढीग लावले.
तेवढेच. एक दाणा जास्त नाही.
मग थांबल्या, आणि बाजूला अजून एक ठेवला,
बिनपट्ट्यांचा, नुसता सायीच्या रंगाचा.
हा तुमच्या हिशोबातला नाही, म्हणाल्या,
माझ्याकडं दोन सालं असाच निघतोय मध्येच एखादा.
लावा, नाहीतर टाका.
मोरीचा विषय त्यांनी काढला नाही.
मीही नाही.

एकशे वीस ओळीत लावले, वीत-वीत अंतरानं.
तो एक मोरीच्या कडेला,
जिथं उतार आहे.

आज आठवा दिवस.
सगळे वाकड्या मानेनं वर आलेत,
कुणाच्या डोक्यावर अजून टरफल,
घाईत टोपी काढायची राहिल्यासारखं.
तो मात्र नाही.
दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे,
तोवर एका डोळ्यानं सकाळ-संध्याकाळ बघतो.
तिथली माती जराशी फुगलीय.
ओल असेल.
पलीकडून भांडी घासल्याचा आवाज येतो,
आणि पाणी नेहमीच्या उतारानं.