सळई

हात लावू नका त्या सळईला.
काळी दिसते, पण गार झालेली नाही.
दोन्या होविताची आहे. संध्याकाळी येईल न्यायला.

माझा बाप फाळ करायचा.
गेरेरोच्या या डोंगरात मका पिकत होता
तोवर फाळाला गिऱ्हाईक होतं.
मग उत्तरेकडून मका आला, पिवळा, एकसारखा,
दाण्यांपेक्षा पोतंच महाग वाटावं असा.
त्या वर्षी फाळ शेवटायला कुणी आलं नाही.
पुढच्या वर्षी ओनेसिमो आला, टोपी हातात घेऊन.
म्हणाला, पातं हवं. नखाएवढं.
बोंडाला चीर पडावी, पण आरपार जाऊ नये.
कशाला, ते मी विचारलं नाही.
खाली दरीत लाल फुलं दिसतच होती.
शंभर पाती केली, लहान मुठीची,
कारण त्या कामाला पोरांचीच बोटं लागतात.
एक माझ्या फिलेमोनला दिलं. नऊ वर्षांचा होता.
त्या हिवाळ्यात गावातल्या पोरांना नवे बूट आले.
बूट खरे होते.
त्यांना खोटं कसं म्हणू?

दुसरं काम रात्री आलं.
एक ट्रक आणि चौघं जण,
त्यातल्या दोघांच्या बाप्तिस्म्याला मी जेवलो होतो.
पत्रा बोटभर जाड, चारी बाजूंनी जोड,
आणि नळी बसेल एवढी भोकं ठेव, म्हणाले.
बंदुका नव्या होत्या. पेट्यांवरची अक्षरं उत्तरेची.
चीक वर जातो, बंदूक खाली येते;
रस्ता तोच, नाका तोच,
नाक्यावर दुसरीकडे बघणारा शिपाईही तोच.
नाही म्हणता आलं असतं का?
पलीकडच्या गावातला वेल्डर म्हणाला होता.
त्याचं यंत्र मग मला स्वस्तात मिळालं.
ट्रक मी त्याच यंत्रानं जोडला.

पुढे तिकडच्या शहरांना कारखान्यातली पूड गोड लागली.
फुलाची गरज उरली नाही.
चिकाचा भाव मक्याच्याही खाली गेला.
बूट झिजले, पोरं उरली,
आणि ट्रकवाल्यांना पोरं हवीच होती.
होविताचा एवेल्यो त्यांच्यात गेला नाही.
तो पंपाचा वायसर आणायला गेला होता,
मंगळवारी, जेवायला येतो म्हणून.
माझा फिलेमोन तोवर ट्रक चालवायला शिकला होता.
तो ट्रक.
आणखी विचारू नका.

तिसरं काम बायकांनी आणलं.
छातीइतकी सळई, वर आडवी मूठ, खाली टोक.
जमिनीत ठोकायची, उपसायची, टोक नाकाशी धरायचं.
मातीला मातीचा वास आला तर पुढे चालायचं.
नाही आला तर थांबायचं
आणि फावडं मागायचं.
टोकाला मी दोनदा पाणी देतो,
खडकावर बोथट होऊ नये म्हणून.
पात्यांनाही असंच द्यायचो.
बाप म्हणायचा, लोखंडाला काही आठवत नाही,
भट्टीत घातलं की सगळं विसरतं.
बापानं फक्त फाळ केले होते.

परवा होविता आली. सळई ऐरणीला टेकवली.
म्हणाली, हातभर लांब कर.
आता खोल पुरतात.
रुमालाची गाठ सोडू लागली तेव्हा म्हटलं, राहू दे.
"घे," म्हणाली. "ट्रकचे घेतले होतेस ना?"
आवाज चढलेला नव्हता.
भाजीवालीशी बोलावं तसं बोलली.
मी नाणी मोजली. बावीस, सगळी दहा पेसोंची.
दोन जास्त होती, ती परत केली.

ती गेल्यावर टोक नाकाशी धरलं.
गंज. तेल. तिच्या हाताच्या साबणाचा थोडा वास.
मग भाता ओढला.

जोड बरा आलाय. उजेडात धरून बघा हवं तर,
पण फडक्यानं धरा.