डाव्या हाताला फायदे

सातवीचा वर्ग. पट अकरा, हजर आठ.
दोघं हरभरा सोंगायला, एक मामाच्या गावी.
फळ्याच्या मधोमध मी रेघ ओढली,
डावीकडं ॲडव्हान्टेजेस, उजवीकडं डिसॲडव्हान्टेजेस.
उजवा शब्द मावेना,
म्हणून शेवटचा एस खिडकीच्या चौकटीवर गेला.
तोट्याला जागा जास्त लागते, म्हणालो.
कोणी हसलं नाही.

निबंधाचा विषय: गावाबाहेरून गेलेला नवा रस्ता.
आधी शब्द, मग निबंध.

डिस लावलं की उलटं होतं. लाइक, डिसलाइक.
"मंग आपल्यात गैर लावते तसं, सर?"
सुकेशिनीनं विचारलं.
हो म्हणणार होतो, जीभ अडली.
फायद्याला डिस लावलं की तोटा होतो.
गैर लावलं की फायदा फायदाच राहतो,
फक्त धनी बदलतो.
इंग्रजीत त्याला निराळा शब्दसुद्धा नाही:
सवलतीचा लाभ घ्या, टेक ॲडव्हान्टेज.
विधवेचा अंगठा घेतला, टेक ॲडव्हान्टेज.
मागचापुढचा बघूनच
कोणतं घेणं ते ओळखायचं.

मग ओव्हर.
अमक्याला तमक्यावर ॲडव्हान्टेज असतो, तेव्हा ओव्हर.
"हाव," मागच्या पट्टीवरून आवाज आला,
"पाटाचं पानी आधी ज्याच्या वावरात जाते, त्याले."
उदाहरण माझ्या गाइडमध्ये नव्हतं.
मी ते फळ्यावर लिहून घेतलं.

बेनिफिट त्या मानानं साधा शब्द, मी सांगितलं,
कोणाच्या उरावर बसत नाही.
रोशन काळबांडे उभा राहिला.
एरवी पाण्याला जायचं असलं तरच उभा राहतो.
"धुऱ्यावरच्या मारामारीच्या केसमंधी
जजसायबानं त्याले बेनिफिट ऑफ डाऊट देला.
डाऊट आमचा होता, सर.
बेनिफिट त्याले काहून?"

दारव्ह्याच्या कोर्टाची पायरी मी कधी चढलो नाही.
ऑफचा अर्थ मला येतो, चा-ची-चे.
कोणाचा, ते ऑफ सांगत नाही.
बस खाली, म्हणालो.
तो बसला. बाप खाली बसतो तसा,
आधी हात टेकवून.

ड्रॉबॅक मी घरून लिहून आणायला सांगितला होता.
अंजुमच्या वहीत:
ड्रॉ म्हणजे चित्र, बॅक म्हणजे पाठ,
ड्रॉबॅक म्हणजे पाठीवरचं चित्र.
लाल पेन उचललं
आणि तसंच धरून राहिलो.
आपलं आपल्याला दिसत नाही,
मागून येणाऱ्याला दिसतं.
शब्दकोशानं इतकं सांगितलं असतं
तर मी जाडजूड घेतला असता.

सुकेशिनीच्या आईची टपरी जुन्या स्टँडवर.
चहा, आलूबोंडे, उन्हाळ्यात लिंबूशरबत.
आता स्टँडवर कुत्री आडवी झोपतात
आणि संध्याकाळपर्यंत कोणी उठवत नाही.
तिच्या निबंधात डावीकडं एक वाक्य:
गाड्या गावात येत नाहीत.
उजवीकडं एक वाक्य:
गाड्या गावात येत नाहीत.
"एक खोडू का, सर?"
नको, म्हणालो. दोन्हींवर बरोबरची खूण केली.
तिचा धाकटा भाऊ मागच्या दिवाळीत
त्याच स्टँडवर ट्रकच्या चाकातून वाचला होता,
हे मला चहा पिताना तिच्या आईनंच सांगितलेलं.

मधल्या सुट्टीत केंद्रप्रमुखांचा कागद आला.
कमी पटाच्या शाळांच्या समायोजनाचे लाभ.
मुद्दे आठ, सगळे डाव्या हाताचे.
मधोमध रेघ नाही, उजवी बाजूच नाही.
खाली सहीला जागा.

कागद उलटा केला.
पाठ कोरी होती.
रोशनला हाक मारली, तुझी चित्रकला चांगली आहे ना रे?

घंटा झाली, पोरं पांगली.
फळा पुसला.
चौकटीवरचा एस राहूनच गेला.