मुद्देमाल

मुर नदीच्या पुलावर मी सत्तावीस वर्षं जकातीच्या नोकरीत होतो.
सिगारेटी पकडल्या, कॉफी पकडली,
एकदा तान्ह्याच्या दुपट्यात गुंडाळलेला डुकराचा अख्खा फरा.
आणि एकोणऐंशीच्या ऑगस्टात
पलीकडून आलेल्या नेझिका नावाच्या बाईच्या रुमालाच्या गाठीत
चिमूटभर बी.

बहिणीसाठी, म्हणाली. बहीण इकडे द्राक्षमळ्यात कामाला.

पंचनाम्यात लिहिलं : बियाणं, विनापरवाना. वजन...
तराजूचा काटा जागचा हलेना.
शून्य लिहिता येत नव्हतं, शून्य जप्त कसं करणार?
‘किंचित’ लिहिलं.
साहेबांनी त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं.

बाई भांडली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली,
पेरणार असाल तर उन्हं उतरू द्या,
गरम मातीत ते झोपूनच राहतं.
आणि खोल पुरू नका, मेलेलं नाहीये.

नियम सांगत होता, जाळा.
मी नियमानं चालणारा माणूस.
चौकीतली शेगडी पेटवायचे दिवस आले नव्हते, इतकंच.

खिशातून ते माझ्या आईच्या परसात गेलं.
कांदे काढून मोकळा झालेला वाफा, वर हलक्या हाताची माती.
दोन आठवडे काहीच नाही.
आई म्हणाली, सरकारी बी दिसतंय.
नोव्हेंबरात बाकी सगळं काळं पडून बसलं,
तेव्हा ही मातीला गाल टेकून हिरवी,
नाण्याएवढे गुच्छ, एकाला एक चिकटून.

आमच्याकडे हिला पाखरांची भाजी म्हणतात, फोगर्लसालाट.
पलीकडे मोटोविलेत्स. डोंगरापलीकडे आणखी काहीबाही.
इतक्या जणांनी नावं ठेवली,
हिनं कधी मनाला लावून घेतलं नाही.

बर्फात हात घालून चाचपली की बोटांना लागते.
पण गोठलेली असताना काढायची नाही,
घरात येईस्तोवर तिचा चिखल होतो.
दुपारच्या घंटेपर्यंत थांबायचं,
पानं सैल पडली की बुडाशी सुरी तिरकी घालून
अख्खा गुच्छ उचलायचा. तीन पाण्यांत धुवायचा.
तिसऱ्या पाण्याच्याही तळाशी वाळू असतेच.

बटाटे उकडून गरम असतानाच सोलायचे, बोटं भाजू देत.
वाडग्याला लसूण चोळायची,
सफरचंदाचा व्हिनेगर, मीठ,
वरून भोपळ्याच्या बियांचं काळंहिरवं तेल.
भाजी अगदी शेवटी. ती वाट बघत नाही, मान टाकते.
पहिल्या हिवाळ्यात माझ्या गणवेशावर तेल सांडलं.
ह्या तेलाचा डाग ऊन खातं;
खिडकीत टांगलेला कोट चार दिवसांत निर्दोष सुटला.

मे महिन्यात पाचसहा झाडं फुलू द्यायची.
फुलं इतकी फिकी निळी
की रंग देणाऱ्याचा हात आखडला असावा.
पुढचं पेरणं ती आपली आपण करतात. आई गेली तरी करत राहिली.

चौकी उठली. तिथे आता सायकली भाड्यानं मिळतात.
गेल्या जानेवारीत कागदी पिशवी भरून
मी पूल ओलांडला. कुणी अडवलं नाही, जरा चुकल्यासारखं झालं.
पत्ता पाठ होता, पंचनामा माझ्याच अक्षरातला.

नेझिकानं दार उघडलं. काठी, जाड चष्मा.
मी नाव सांगितलं, वेंडेलिन, पुलावरचा.
तिनं एक गुच्छ उलटा करून मुळाशी पाहिला,
पान तोडून चावलं.
लांबलंय, म्हणाली. तुमच्याकडे ऊन कमी का?
मग मोरीत जाऊन तीन पाण्यांत धुतली.
धुऊनच आणलीय, मी म्हणालो.
जकातवाल्यांचा काय भरवसा, ती म्हणाली.

बटाटे होईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.
बहीण कुठे, हे मी विचारलं नाही.
भिंतीवर तिचा फोटो होता, बहुधा तिचाच.

वाडगं पुढ्यात सरकवताना ती एकदम थांबली.
आणि माझा रुमाल?

रुमालाचा
पंचनाम्यात कुठेच उल्लेख नाही.