खोलीचा आवाज

आधी फ्रिज बंद करायचा.
मग गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी,
म्हणजे काम संपल्यावर तो चालू करायचं राहून जात नाही.
(एकदा राहिलं होतं. चार किलो खेकडा,
आणि आठवडाभर उघड्या खिडक्या.)

मग गॅसचा हीटर.
मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून उशीखाली झोपवायचं.
मग कपाटात शिरायचं.
दोन्ही अंगांना नवऱ्याचे लोकरी कोट,
समोर माइक, त्याला बाळाचा मोजा,
ओठांपुढे उभी पेन्सिल,
'प' फुटू नये म्हणून.
हिरव्या सफरचंदाचा एक चावा. जिभेची चिकचिक जाते.
किंचित हसायचं. हसू ऐकू येतं, कोणी काही म्हणो.

एवढं सगळं केल्यावर
पत्र्यावर वारा.

पुंता अरेनासमध्ये वाऱ्याला घराबाहेर काढता येत नाही,
भाडेकरू आपणच.
तो सामुद्रधुनीवरून येतो
आणि छपराच्या कडेखाली बोटं घालून
रात्रभर उचकटत बसतो.

काम होतं खेकड्याच्या कारखान्याचं:
नव्या कामगारांसाठी अकरा मिनिटांचा व्हिडिओ.
मॅनेजर मान्सिया म्हणाला,
"यास्ना, प्रोफेशनल वाटलं पाहिजे. राजधानीतलं वाटलं पाहिजे."
आमच्याकडे शब्दाच्या शेवटचा 'स' बोलता बोलता गळतो,
मी एकेक उचलून परत जागेवर बसवला.
श्वास कापले. अडखळणं कापलं.
वाऱ्याचा खालचा घुमारा छाटला,
जितका छाटता येतो तितका.

दाखवायच्या दिवशी, जेवणघरात,
ओतिलिया बार्रिया पहिल्या बाकावर.
एकवीस वर्षं त्या पट्ट्यावर उभी. डाव्या हाताला तीन बोटं.
शेवटपर्यंत बघितलं. म्हणाली,
"छान आहे. बँकेत फोन लावला की अशीच बाई बोलते
आणि मी फोन ठेवते ओट्यावर, भांडी घासते."
मग टोपी नीट करत,
"ते एक वाक्य. हात घालण्याआधी यंत्र बंद करा.
ते मला सांग.
तू दारात आहेस, मी आत आहे, यंत्र चालू आहे."

घरी आले. फ्रिज, किल्ल्या, घड्याळ, कोट.
पेन्सिल खाली ठेवली.
एकदाच म्हटलं. गळलेल्या 'स'सकट.

जोडून ऐकलं तर
वाक्य खरं होतं, पण अधांतरी.
मागच्या-पुढच्या वाक्यांना तळाशी वारा होता,
इतका छाटूनही, पिठातल्या मिठासारखा,
आणि याला नव्हता.
बाहेर गेले. शेजारच्या धुराड्याचा धूर सरळ वर.
दोरीवर टॉवेल, नुसते टॉवेल.
टेकडीवरची झाडं मात्र वाकलेलीच,
कोणी ढकलत नसताना.

आमच्या धंद्यात त्याला खोलीचा आवाज म्हणतात:
कोणी बोलत नसताना घेतलेली तीस सेकंदं,
सांध्यांखाली अंथरायला.
ती मी कधी घेतलीच नव्हती.
ज्याच्याशी रोज भांडायचं त्याचा नमुना कोण जपून ठेवतं?

मान्सियाचा फोन. "झालं?"
"वारा नाही."
बराच वेळ तो काही बोलला नाही. मग, "नाही म्हणजे?"
मलाही नीट सांगता येईना.
एक वाक्य वाऱ्यावर सोडून मोकळं व्हावं,
तर वाराच नाही.

दोन रात्री कान पत्र्याकडे.

शनिवारी पहाटे एक खिळा वाजला.
मग दुसरा.
अनवाणी कपाटात शिरले, बटण दाबलं,
कोटांच्या बाह्या धरून उभी राहिले.
तीस सेकंदं. साठ. मग मोजणं सोडलं.

फ्रिज बंद करायचा राहिला होता.
तोही आलाय त्यात, खालच्या पट्टीत गुरगुरत.
असू दे.