राई, पाच किलो

स्टोअरच्या बाबूनं वहीत लिहिलं: राई, पाच किलो.
ऑडिटवाला विचारायचा, मग फोडणी कुठं गेली?
हुसेन तडवी वाद घालायचे नाहीत.
टोपी काढायचे, आणि खिडकीतून
ऑफिसर क्लबच्या लॉनकडं बोट करायचे.

भुसावळात,
जिथं मे महिन्यात रूळसुद्धा अंग ताणतात,
तिथं हे थंड मुलखातलं रायग्रास
दिवाळीनंतर पेरायचं, होळीपर्यंत जगवायचं.
चार महिन्यांचा पाहुणा.
खाली आमची हरळी झोपलेली,
तपकिरी, तोंडावरून पांघरूण ओढून.

मी तेव्हा रोजंदारीवर.
पदराचा ओचा करून खत घ्यायला निघाले
तर म्हणाले, बादली घे वं बाई,
युरियाला हवेतलं पाणी लागतं, पदर चिकट होईल.

अर्धं उभं, अर्धं आडवं.
क्लबच्या पायरीपासून यार्डाच्या भिंतीपर्यंत एकदा,
टेनिसच्या जाळीपासून करंजापर्यंत एकदा.
मूठ बंद नको, उघडीही नको,
तान्ह्याच्या मानेला पावडर लावतेस, तेवढी सैल.
दव वाळू दे आधी.
ओल्या पानावर दाणा बसला की पान भाजतं.
आणि मग पाणी, लगेच, बोलत न बसता.

पेरताना सुपर फॉस्फेट: मुळांचं आधी.
तिसऱ्या आठवड्यात चिमूटचिमूट युरिया: मग पानांचं.
पुढं महिन्याला एकदा, कापणीनंतर दोन दिवसांनी.
पारा सहावर उतरला की हात आखडायचा.
गारठलेलं गवत खात नाही,
नुसतं ताटाकडं बघत बसतं.

जानेवारीत एक मालगाडी इतकी लांब गेली
की मी डबे मोजत राहिले
आणि माझी मूठ एकाच जागी रिकामी झाली.
आठवड्यात भाकरीएवढा पिवळा डाग,
भोवती गर्द हिरवी किनार, साडीला असते तशी.
रागावले नाहीत.
डागात एक काडी रोवली, म्हणाले,
ही तुझी सही. पुसू नको.

मार्चमध्ये नवे साहेब आले.
वीस तारखेला त्यांच्या मुलीचं रिसेप्शन लॉनवर.
हिरवं हवं, म्हणाले, फोटोत हिरवं दिसायला हवं.
दुपार तेव्हाच एकोणचाळीस.
तडवी म्हणाले, साहेब, तापात जेवू घालत नाहीत.
आणि भाचीच्या लग्नाला यावलकडं निघून गेले.

हुकूम मग माझ्याकडं आला.
माझी हजेरी ज्या कागदावर, त्यावर साहेबांची सही.
मी संध्याकाळी दोन बादल्या फेकल्या.
उभ्या, आडव्या. नीट. शिकवल्याप्रमाणे.

आणि काय सांगू, काय हिरवं झालं!
बायकांनी सँडल काढून हातात घेतल्या.
नवरी अनवाणी चालली.
मीही दिव्याच्या खांबाआड उभी राहून
बघत होते, अभिमानानं.

चौथ्या दिवशी लॉनला वास सुटला.
पाय ठेवला की पातं बुळबुळीत,
सहाव्या दिवशी राख.

तडवी परत आले. उकिडवे बसले.
केसांत उवा शोधावं तसं
बोटांनी मेलेलं गवत बाजूला केलं,
बराच वेळ.
मग एका जागी थांबले.
सुईच्या टोकाएवढी हरळी.
म्हणाले, हिच्या तोंडचं तू पाहुण्याला दिलंस,
आणि पाहुणाही उपाशी नव्हता.

त्यांच्या वहीत त्या आठवड्याचं पान आहे.
माझं नाव नाही. साहेबांचंही नाही.
खत: नाही. पाणी: पहाटे, थोडं.
हरळी: उठते आहे.

आता वही माझ्याकडं असते.
मार्च आला की खताच्या खोलीची किल्ली
मी घरी विसरते.
दिवाळीनंतर नवा बाबू तेच लिहितो,
नवा ऑडिटवाला तेच विचारतो:
पाच किलो राई, बाई? लोणचं घातलं का?

मी खिडकीतून बोट करते.
बाहेर अजून काहीच उगवलेलं नसतं.