बोअरचं पाणी

सुरुवातीला नुसता वास होता.
गोडसर, पाक चढल्यासारखा.
छत्रपती चौकात सिग्नलला थांबलं की यायचा
आणि मी कोपऱ्यावरच्या जिलबीवाल्याला नावं ठेवायचो.

मग पार्किंगमध्ये डाग,
हिरवट, तळहाताएवढा.
वॉचमन मेश्राम म्हणाला, "साहेब, गाडी गळून राहिली."
मी त्यावर पुठ्ठा टाकला.
दुसऱ्या दिवशी पुठ्ठा ओला.

काटा आधी मधोमध असायचा, पहिल्या बाकावरच्या पोरासारखा.
मग अजनीच्या पुलावर
जरा मान उंचावून बघायला लागला.
मी एसी बंद करायचो, तो खाली बसायचा.
असले समझोते घरात बरेच केलेत,
म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मेची अठरा तारीख, दुपारचे पावणेतीन,
कामठी रोड, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे.
काटा लाल पट्टीत.
फोनवर हेडाऊ मिस्त्री म्हणाले,
"हीटर लावा. फुल्ल.
गाडी बाजूला घेईस्तोवर बंद नोका करू."
शेहेचाळीस अंशांत हीटर!
मंदाकिनीनं पदरानं गळा पुसला,
म्हणाली, "चला,
आत-बाहेर एक झालं एकदाचं."

दोरी बांधून गोळीबार चौकापर्यंत.
बॉनेट उघडं, वाफ सरळ वर.
मी झाकणाकडे हात नेला तर
मिस्त्रींनी मनगटच धरलं.
"तापलेल्याचं तोंड आपण उघडाचं नसते, भौ.
त्याचं त्याले निवू द्या."
तासभर आम्ही बाकड्यावर बसलो.
कोणीच कोणाचं तोंड उघडलं नाही.

झाकण निघालं तेव्हा आत चहा होता.
तसाच रंग, तशीच साय.
नळ्यांच्या तोंडावर पांढरी खपली,
प्लॅस्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर,
आणि वरचा पाइप
दाबला तर पिकल्या केळ्यासारखा मऊ.
"कोणतं पाणी टाकत होते?"
"बोअरचं."
"काहून?"

काहून.
कूलंटला पैसे पडतात, बोअर फुकट.
तीच खपली घरी कूलरच्या जाळीवर,
बादलीच्या काठावर, देवाच्या तांब्यात,
आणि सोनोग्राफीवाल्याच्या म्हणण्यानुसार
माझ्या डाव्या कुशीत, चार मिलिमीटर.
चार वर्षं मी गाडीला तेच पाजलं
जे स्वतः प्यालो,
आणि याला काळजी घेणं म्हणत होतो.

जुना रेडिएटर उतरला.
क्लॅम्प, पंख्याची चौकट, दोन बोल्ट,
तिसरा गंजलेला,
त्याच्यावर रॉकेल आणि एक शिवी.

नवा खोक्यातून निघाला तर एका कोपऱ्यात
पात्या दबलेल्या.
मी म्हणालो, बदलून आणा.
त्यांनी खिशातून बारीक दातांची फणी काढली.
"माह्या बापाचा माग होता पाचपावलीत.
फणीचा एक दात वाकडा झाला
तं धागा तुटे. अन् बाप मले हाने.
इथं हवा अडकते, एवढाच फरक."
एकेक पाती सरळ करत गेले,
डोळ्याजवळ धरून, उजेडाकडे तोंड करून.
पलीकडचं आभाळ
बारीक रेघारेघांनी दिसायला लागलं.

पाइप नवे. कूलंट हिरवंगार.
झाकण उघडं ठेवून इंजिन चालू.
बुडबुडे येत राहिले.
"हवा निघू द्या आधी. घाई नोका करू."
मग नुसतं थांबणं.
मिस्त्री, त्यांचा पोरगा, मी, मंदाकिनी,
चौघं काट्याकडे बघत,
आणि काटा मधोमध येऊन थबकला
आणि पंखा लागला.
त्या आवाजाला आम्ही चौघंही हसलो,
कशाला, ते विचारू नका.

परतताना माझी नजर काट्यावरच.
"समोर बघा," ती म्हणाली, "लाल आहे."
छत्रपती चौक.
आणि पुन्हा तोच वास,
गोडसर, पाक चढल्यासारखा.
छातीत धस्स झालं. काटा जागेवर.
खाली वाकून बघितलं, काही नाही.

गाडी बाजूला लावली.
पावशेर घेतली, गरम.